बंद गाडीतला ठोका

सुरत गप्प झाली हे हिलालला कानांनी नव्हे, पायांनी कळलं.

सकाळी खाटेवरून उतरताना त्यानं तळवे फरशीवर टेकवले आणि तो तसाच बसून राहिला. नवागामातल्या त्याच्या खोलीची फरशी कायम थरथरत असे. मागच्या गल्लीत लूमच्या शेडांची रांग होती. तिथले माग दिवसपाळी-रातपाळी धडधडत आणि त्यांचा हादरा भिंतीतून, फरशीतून, पाण्याच्या हंड्यातून घरात शिरे. हंड्यातलं पाणी हिलालनं कधी निवांत पाहिलंच नव्हतं. आज त्या पाण्यात छताचा पत्रा खिळ्यांसकट दिसत होता.

"काय व्हयनं?" त्यानं बायकोला विचारलं.

मंदाबाई तोंडाला पदर बांधून स्टोव्हपाशी बसली होती. तिनं पदर हनुवटीखाली ओढला. नवऱ्याशी बोलायचं तर ओठ दिसायला हवेत, ही तिची संसारातली जुनी सवय.

"माग बंद पडनात," ती म्हणाली. "शेठ लोकं गाड्या भरीसन पळी ग्यात. दवाखान्यात माणसं पटापट मरी राह्यनात म्हने. पिलेग शे, पिलेग."

हिलाल पारोळ्याकडचा. मिसरूड फुटायच्या आत धाकट्या भावाला, सखारामला, बोटाशी धरून सुरतेला आला. आधी बॉबिनी भरल्या, मग माग चालवले, मग मागांचा फिटर झाला. कुठला पट्टा घसरला, कुठला दात झिजला, हे मागांनी त्याला शिकवलं आणि शिकवण्याच्या बदल्यात त्याचे कान घेतले. अगदी ठार बहिरा नव्हता तो. शब्द कापसातून गाळून आल्यासारखे येत, उरलेलं तो ओठांवरून वाचून घेई. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. शेडमध्ये कान असलेलेही ओठांवरूनच बोलतात.

पण आता अख्ख्या शहरानं तोंडाला फडकी बांधली होती. भेटेल त्याचे नुसते डोळे दिसत, आणि त्या डोळ्यांतलं वाचायची हिलालला इच्छा होत नव्हती.

"पोरले आठे ठेवानी नही," मंदाबाई म्हणाली. "गावले लई चाला."

पोर म्हणजे सोनाली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. जावई हजीऱ्याला कंत्राटी कामावर, तो तिकडेच अडकलेला. सोनाली दाराशी भिंतीला टेकून बसली होती, पोटावर दोन्ही हात ठेवून, जणू कुणी तिच्या हातून ते ओढून नेणार होतं.

हिलाल आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन आला होता. गाडीच्या टपावर माणसं, दोन डब्यांच्या मधल्या साखळीवर माणसं. एका बाईचं लुगडं खिडकीत अडकलं होतं आणि बाई आत होती की बाहेर, ते कळत नव्हतं. तिथं ही पोटुशी पोर कशी न्यायची?

"आपली गाडी शे ना," तो म्हणाला.

मंदाबाईनं पदर परत नाकावर चढवला. शेजारच्या धुरपदाबाईला मात्र राहवलं नाही. ही जालन्याकडची म्हातारी. चाळीतली बाकी सगळी बिऱ्हाडं कुलपं लावून गेली, ही एकटी राहिली. म्हणायची, मला नेऊन त्या तापाला तरी काय मिळणार? उंबऱ्यातून ती ओरडली, "हिलालभाऊ, तुमची ती गाडी न् माझी सवत एकाच जातीच्या. घरात असून उपयोग नाही, न् मेली मरतही नाही!"

सोनाली हसली. त्या आठवड्यात त्या घरात कुणी हसलेलं ते एवढंच.

*

गाडी म्हणजे जुनी फियाट. भंगारवाल्याकडून हिलालनं सांगाडा उचलला होता आणि तिचे भाग कुठून कुठून जमवले होते. दोन दरवाजे हिरवे, दोन पांढरे. सुट्टीच्या दिवशी माणसं सिनेमाला जात, हिलाल गाडीखाली जाई. मेकॅनिकला त्यानं कधी हात लावू दिला नाही. "माग काय, इंजिन काय," तो म्हणे, "लोखंडाला एकच भाषा येते." एकदा ती चलथाणपर्यंत गेली होती आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे दोरानं बांधून परत आली होती.

शेडांच्या गल्लीत एका कोपऱ्यात ती उभी असे. गल्ली खाडीच्या बाजूला उतरती, हँडब्रेक धरत नसे. म्हणून हिलालनं तिचा मागचा बंपर शेडच्या जाळीच्या लोखंडी दरवाजाला साखळीनं बांधून ठेवलेला. गाडी उताराकडे ओढ घेई, साखळी तारेसारखी ताणलेली राही. शेडचा शेठ पळून गेला होता. जाळीला बाहेरून मोठं कुलूप होतं, आत शटर खाली होतं.

गाडीचं एक दुखणं त्याला माहीत होतं: गार असेपर्यंत चालायची, तापली की मरायची. दुसरं त्या दिवशी कळलं.

त्यानं इंजिन चालू केलं, बॉनेट उघडलं आणि लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. सुरतेत त्याला डिसमिस म्हणतात. टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला दाबायची, डोळे मिटायचे. हवेतून न येणारं सगळं हाडातून येतं. कानवाल्या माणसांना डॉक्टरची नळी लागते, हिलालला एवढं पुरे.

टॅपेट टिकटिकत होते, ठीक. पंप घुटघुटत होता, ठीक. आणि या सगळ्याच्या खाली, खोल, एक ठोका होता.

बेअरिंग, त्याच्या मनात आलं. बेअरिंग गेलं असेल तर नंदुरबारच्या अलीकडेच इंजिन फुटायचं, आणि सोनाली रस्त्यावर.

कुठल्या सिलिंडरचं, हे शोधायची रीत सोपी. एकेका प्लगची वायर काढायची. ज्याची काढल्यावर ठोका मऊ पडेल, तो चोर. त्यानं कोरडं फडकं घेऊन पहिली वायर काढली. इंजिन लंगडलं, ठोका तसाच. दुसरी, तसाच. तिसरी, चौथी, तसाच. मग त्यानं ॲक्सिलरेटरची तार ओढून इंजिन पळवलं. टॅपेट पळाले, पंप पळाला. ठोका पळाला नाही. तो आपल्या चालीनं चालला होता. गाडी दौडत असताना शेजारून कुणी सावकाश चालत यावं तसा.

हिलालनं इंजिन बंद केलं. आतलं सगळं घरघरत थांबलं. डिसमिस अजून हाडावर होता.

ठक-ठक. थोडं थांबून, ठक.

त्यानं डिसमिस असा बाजूला घेतला, जणू तापलेली सळईच होती. भोवती पाहिलं. उन्हानं पांढरी झालेली गल्ली, कुलपं, एका दारावर कुणाचा तरी वाळत घातलेला आणि विसरलेला गमछा. माणूस नाही. लोखंड गार होताना टिकटिकतं, त्यानं स्वतःला समजावलं. टिकटिकतं, हे खरं. पण मोजून मापून टिकटिकत नाही.

आणि हा ठोका तर त्याच्या ओळखीचा होता.

शेडमध्ये हाक चालत नाही. एवढ्या धडधडाटात कोण ऐकणार? माग अडला की कारागीर पान्यानं लोखंडी चौकटीवर ठोकतो. दोन, थांबून एक. म्हणजे, फिटर, इकडे ये. सगळ्या नवागामात हीच खूण. हजार हादऱ्यांत तो एक हादरा हिलालच्या तळव्यांना बरोबर कळे आणि तो चालू पडे. सगळ्यांत जास्त बोलावी सखाराम. माग अडला नसला तरी बोलावी. हिलाल धावत गेला की पान्यानं डोकं खाजवत ओठ हलवी, "काय नही भाऊ, तंबाखू शे का?"

याच शेडांच्या रांगेत सखाराम करंट लागून गेला. त्याला काही वर्षं झाली होती. पितृपक्षात पंचमीला त्याचं पान वाढायचे. यंदा पंचमी या पळापळीत कधी आली, कधी गेली, कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

*

हिलालनं घरी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी विटांवर चढवली, ऑइल काढलं आणि खालचं पात्र उतरवलं. बेअरिंगचे अर्धगोल तुकडे एकेक करून काढले. तळहातावर उन्हात धरले. आरशासारखे. एकावरही ओरखडा नव्हता. त्यानं कनेक्टिंग रॉड हातानं हलवून पाहिले, पिस्टनखाली बोट घालून पाहिलं. जे झिजायला हवं होतं ते झिजलं नव्हतं.

माणसाला दुखणं सापडलं की धीर येतो. हिलालला त्या चकचकीत तुकड्यांची भीती वाटली.

सगळं परत बसवलं. नवं ऑइल नव्हतं, जुनंच फडक्यातून गाळून भरलं. इंजिन चालूसुद्धा केलं नाही. नुसता डिसमिस टेकवला.

ठक-ठक. ठक.

तो घरी गेला आणि मंदाबाईच्या समोर उभा राहिला.

"चाल जरा. आयक."

"काय आयकू?"

"तू आयक नं."

मंदाबाई आली. त्यानं मूठ तिच्या कानामागे दाबून धरली. ती आधी कपाळाला आठ्या घालून उभी होती. मग आठ्या विरल्या. मग चेहराच विरला.

"गाडी बंद शे," ती म्हणाली.

"हो."

"मंग हाई कोण ठोकी राह्यनं?"

मंदाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, दिराच्या समोर करायची तसा.

"तुमना भाऊ बलाई राह्यना," ती हळू म्हणाली. "त्यानं पान राही गयं औंदा. तो आपलेले जाऊ देवाव नही."

*

मग पान वाढलं. शहरात दुकानं बंद, दूध कुठून मिळायचं? धुरपदाबाईनं तिच्या डब्यातली दुधाची पावडर काढून दिली. "मेलेल्याला काय कळतंय पावडरीचं!" म्हणाली. खीर झाली, कढी झाली, वडे झाले. गाडीशेजारी गोवरीचा विस्तव करून त्यावर मंदाबाईनं तुपाची आणि खिरीची आगारी, पितरांचा घास, टाकली. धूर सरळ वर गेला नाही. वारा खाडीकडून होता, धूर जाळीतून, शटरच्या फटीतून शेडमध्ये शिरत राहिला.

पत्रावळ बॉनेटवर ठेवली. हिलालनं हात जोडले.

"सख्या, जेव बाप्पा. चुकी व्हयनी. पोरले सुखरूप पोहोचू दे."

कावळा आला. शेडच्या आढ्यावर बसला. त्यानं पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वाकडी करून तो छपराच्या फुटक्या कौलातून खाली, शेडच्या आत बघत होता. बराच वेळ बघत होता. मग ओरडला, एकदाच, आणि उडाला.

"काय राह्यनं त्यानं?" मंदाबाई रडवेली झाली. "सांगा त्याले. त्यानी बायको-पोरं सुखी शेत म्हना."

हिलालनं सांगितलं. पोराला नोकरी लागली, सांगितलं. दुसरा कावळा आला, तोही आढ्यावर बसला आणि आतच बघत राहिला. शेवटी पानाला कुणी शिवलं नाही. ऊन कलल्यावर खिरीवर मुंग्या आल्या.

त्या संध्याकाळी हिलालनं पहिलं दुखणं पकडलं. बसून राहिला असता तर वेड लागलं असतं. इंजिन जागच्या जागी तापवलं, ते मेल्यावर प्लग काढून बॉडीला टेकवला आणि सोनालीला म्हणाला, चावी फिरव. ठिणगी पिवळी पडली, आजाऱ्याच्या डोळ्यासारखी. पेट्रोलचा दोष नव्हता म्हणजे. कंडेन्सर. करंगळीच्या पेराएवढी डबी, ताप चढला की जीव सोडणारी. त्याच्या सुट्या सामानाच्या डब्यात रिक्षाचा एक पडला होता. तो बसवला, पॉइंटच्या फटीत आगपेटीचा पुठ्ठा घालून माप घेतलं. आता ठिणगी निळी, कडक. इंजिन तापलं तरी मेलं नाही.

"सकाळी निंघू," तो म्हणाला.

"आणि काका?" सोनालीनं विचारलं. तिच्या ओठांवर तो शब्द वाचायला हिलालला वेळ लागला.

"काकाले हात जोडीसन निंघू."

*

सकाळी गाठोडी डिकीत गेली. मागच्या सीटवर उशा लावून सोनाली बसली, तिच्या पायाशी पाण्याची कळशी. धुरपदाबाई निरोप द्यायला आली आणि अंगारा म्हणून सोनालीच्या कपाळाला चुलीतली राख लावून गेली. हिलालनं चाकाखाली विटा लावल्या, साखळी सोडली, इंजिन चालू केलं. सवयीनं डिसमिस टेकवला.

टॅपेट. पंप. बाकी काही नाही.

त्यानं इंजिन बंद केलं. परत टेकवला. काही नाही. गाडीच्या आत नुसती गार शांतता होती.

"गया," तो म्हणाला.

मंदाबाईनं दोन्ही हात कपाळाला लावले. "भावजी धायी ग्यात, पोट भरनं त्यासनं. आते चाला, निंघा."

हिलाल बसला. चावीला हात लावला. आणि हात तिथंच राहिला.

फिटरच्या धंद्यात एक गोष्ट पोराटोरांनाही शिकवतात: आपोआप गेलेला फॉल्ट आपोआप परत येतो. गेला, तर तो का गेला हे विचार. तू काय बदललंस? हिलालनं काल रात्रीपासून आत्तापर्यंतचं सगळं मनात उलगडलं. कंडेन्सर बदलल्यावर ठोका होता. त्यानं ऐकला होता. त्यानंतर त्यानं इंजिनाला हात लावला नव्हता. आज फक्त एक गोष्ट केली होती.

तो खाली उतरला.

"आते काय?" मंदाबाई खिडकीतून ओरडली.

त्यानं साखळी उचलून बंपरला अडकवली. विटा काढल्या. गाडी उताराकडे ओढली गेली, साखळी ताठ झाली. त्यानं बॉनेट उघडून डिसमिस टेकवला.

ठक-ठक. ठक.

साखळी सोडली. काही नाही. परत अडकवली. ठक-ठक. ठक.

मग त्यानं डिसमिस गाडीवर टेकवलाच नाही. जाळीच्या दरवाजावर टेकवला. तिथं ठोका एवढा मोठा होता, की हिलालचे दातच वाजले.

गाडी कधीच ठोकत नव्हती. लोखंडानं निरोप आणून दिला होता, आणि त्यानं तो इंजिनात शोधला होता. इंजिनात नाही सापडला, तेव्हा पितरांत.

"मझार कोनी शे," तो म्हणाला. त्यानं शटरकडे बोट केलं. "जित्तं माणूस शे."

मंदाबाई गाडीतून उतरली होती. ती साखळीकडे बघत होती, साखळीवरून जाळीकडे, जाळीवरून कुलपाकडे. तिला कळलं होतं. हिलालनं तिच्या तोंडावर ते कळणं येताना पाहिलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काही येताना पाहिलं.

"नही," ती म्हणाली. "तुम्ही आयकं नही. मी बी आयकं नही. चाला."

"मंदा..."

"कुलूप लावीसन ठेवेल माणूस कशानी आजारी व्हई, माहीत शे ना? आपली पोर, तिना पोटमा लेकरू. त्याना शेजारे बसाडाव का तिले?"

हिलाल पोरीकडे बघायलाही धजला नाही. मागचा दरवाजा उघडला ते त्याला दिसलं नाही. सोनाली एका हातानं पोट सावरत, दुसऱ्या हातानं छताला धरून उतरली, आणि बापाच्या समोर येऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"आबा, कुलूप तोडा."

*

पान्यानं कुलूप तोडलं, जॅकनं शटर उचललं. आत वास होता आणि अंधार होता. मागांच्या रांगा, त्यांवर अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं. छपराच्या फुटक्या कौलातून उन्हाचा एक कवडसा पोटमाळ्यावर पडला होता. तिथं कापडाच्या ताग्यांवर एक माणूस पडला होता.

शालिग्राम. बुलढाण्याकडचा, शेडचा राखणदार. हिलाल त्याला ओळखत होता; चहाच्या गाडीवर दोघं कितीदा बाकड्यावर शेजारी बसले होते. तापानं पडलेला, पोटमाळ्यावर झोपी गेलेला, आणि शेठच्या माणसांनी घाईत वर न बघता कुलूप घातलेलं. शेजारी पाण्याचा डबा होता, कोरडा. त्याचे ओठ फाटले होते. पण हलत होते.

हिलाल शिडी चढून त्याच्या तोंडापाशी वाकला. मंदाबाई शिडीच्या पायथ्याशी, पदर नाकावर दाबून.

"खिरीचा वास आला मले," शालिग्राम म्हणाला. "वाटलं, माझंच पान वाढलं लोकायनं."

हिलालनं डोळे मिटले. मग उघडले, कारण ओठ अजून हलत होते.

"लय बलावलं, बाप्पा. घसा गेला त पान्यानं बलावलं, या खांबावर. मंग काल, खिरीचा वास आला तवाच, पाना हातातून सुटला. खाली पडला. तवापासून हात उचलत नाई माहा."

पाना खाली होता. मंदाबाईच्या पायाशी, फरशीवर. त्यावर धुळीचा पातळ थर बसला होता.

मंदाबाईनं ते कानांनी ऐकलं होतं, हिलालनं ओठांवरून वाचलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर उन्हात साखळी अजून ताठ होती आणि तिच्यातून ठोका येऊन गेल्याला विडी संपेल एवढाही वेळ झाला नव्हता.

मंदाबाईनं पुढे होऊन शालिग्रामचे पाय धरले. हिलालनं खांदे धरले. तो कापडाच्या घडीसारखा हलका झाला होता.

डिकीतली गाठोडी सोनालीनं आधीच खाली उतरवून ठेवली होती.

*

त्या दिवशी सुरतेच्या रस्त्यांवर फियाट एकटी धावली. सिग्नल लाल होत, हिरवे होत, कुणासाठी कळत नव्हतं. गाडी तापली तरी मेली नाही. हिलालनं मागं वळून पाहिलं नाही. शालिग्राम श्वास घेतोय का हे त्याला ऐकू येणार नव्हतं, आणि मागच्या सीटवर नुसता शालिग्रामच आहे का हे त्याला बघायचं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात फडकी बांधलेल्या पोरांनी शालिग्रामला आत नेलं. एका डॉक्टरीणबाईंनी हिलालला घरच्यांसकट सगळ्यांसाठी गोळ्या दिल्या. तो बहिरा आहे हे कळल्यावर त्या लांब सरकल्या, तोंडावरचं फडकं क्षणभर खाली घेतलं आणि सावकाश बोलल्या, "घरच्यांपासून लांब राहा. शहर सोडू नका. ताप आला तर लगेच या."

परत येऊन त्यानं गाडी चाळीच्या तोंडाशी थांबवली. मंदाबाई उंबऱ्यात उभी होती. दोघांमध्ये सगळी रिकामी गल्ली. तिनं पदर खाली केला आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं. तोही तसाच बोलला. धुरपदाबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या कानावर काही पडत नव्हतं.

"आते?"

"आते जाता ये नही."

"माले माहीत व्हतं."

"तू चिडनी?"

"हो." मग, "जेवाले आनी देस मी."

हिलाल गाडीत राहिला. ताप त्याला आला नाही, पण येईल येईल म्हणून त्यानं रोज स्वतःच्या कपाळाला इतक्यांदा हात लावला, की तिथली कातडी हुळहुळी झाली. सोनाली त्याच दिवसांत बाळंत झाली, त्या खोलीत, धुरपदाबाईच्या हातांवर. मुलगी. मंदाबाईनं ती उंबऱ्यातून उचलून दाखवली. लांबून हिलालला फक्त एक मिटलेली मूठ दिसली. माग चालू झाले, हंड्यातलं पाणी परत थरथरायला लागलं, तेव्हा कुठे तो घरात गेला आणि नात मांडीवर घेतली. शालिग्राम वाचला. डॉक्टर म्हणाले, साधा हिवताप होता. धुरपदाबाई म्हणाली, डॉक्टरला काय कळतंय. तो गावी गेला तो परत सुरतेला आला नाही.

एकदा मात्र, सगळं मिटल्यावर, दुपारी हिलाल गाडीचे टॅपेट लावत असताना मंदाबाई चहा घेऊन आली. पेला फेंडरवर ठेवला आणि त्याचा दंड धरून त्याला स्वतःकडे वळवलं.

"त्या दिशी सकाळले," ती म्हणाली, "पाना तं खाली पडेल व्हता. मंग कोण ठोकी राह्यनं व्हतं?"

हिलालनं तिच्या ओठांकडे पाहिलं, पूर्ण वाक्य संपेपर्यंत. मग तोंड फिरवलं, इंजिनावर वाकला आणि वाकलेलाच राहिला. तिकडे तोंड असताना त्याला काही विचारता येत नाही, हे मंदाबाईला ठाऊक होतं. चहावर साय धरली.